दुर्बिणीचे दुसरे टोक

१३ मार्च १७८१ची रात्र. इंग्लंडमधल्या बाथ शहरात विल्यम हर्शेल स्वतः घडवलेल्या दुर्बिणीतून एकेक तारा तपासत होता. पोटासाठी तो चॅपेलमध्ये ऑर्गन वाजवी आणि संगीताच्या शिकवण्या घेई. उरलेला सारा वेळ आरसे घासण्यात आणि आकाश पाहण्यात जाई. त्या रात्री मिथुन आणि वृषभ राशींच्या सीमेजवळ त्याला एक तारा इतरांपेक्षा किंचित जाड वाटला. दुर्बिणीला तेव्हा २२७ पट मोठे दाखवणारी नेत्रिका लावलेली होती. हर्शेलने ती काढून ४६० पटीची लावली, मग ९३२ पटीची. शेजारचे तारे बिंदूच राहिले. ही तबकडी मात्र त्याच प्रमाणात मोठी होत गेली आणि मोठी होता होता धूसर झाली. हा तारा नव्हे, हे त्याला त्यावरून कळले. त्याने तिला धूमकेतू मानले. पुढे गणितज्ञांनी तिची कक्षा काढली, तेव्हा तो युरेनस हा नवा ग्रह ठरला.

या शोधामागच्या दुर्बिणीचा आरसा ६.२ इंच व्यासाचा होता. आज पुण्या-नाशिकचा हौशी निरीक्षक पहिली चांगली दुर्बीण म्हणून जी सहा इंची डॉब्सोनियन घेतो, तिचा आरसाही जवळपास एवढाच असतो. हर्शेलचा आरसा तांबे आणि कथिलाच्या मिश्रधातूचा होता. काचेवर ॲल्युमिनियमचा थर दिलेला आजचा आरसा त्यापेक्षा बराच जास्त प्रकाश परत पाठवतो. म्हणजे साधन आज अधिक चांगले आहे. त्या रात्री आरशाने प्रकाश गोळा केला, पण तो प्रकाश ताऱ्याचा नाही हे नेत्रिका बदलल्यामुळे उमगले. दुर्बिणीचे हे दुसरे टोक, म्हणजे डोळा लावायची बाजू, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

दुर्बीण कोणती घ्यावी, हा प्रश्न आकाशदर्शनाच्या प्रत्येक कार्यक्रमात विचारला जातो. ती घरी आल्यावर तिला काय लावावे, काय लावू नये आणि कशासाठी पैसे राखून ठेवावेत, हे विचारणारे थोडे भेटतात. परिणाम ठरलेला असतो. वाढदिवसाला मिळालेल्या ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीच्या खोक्यावर ‘५२५ पट’ असे ठळक छापलेले असते. गुणाकार म्हणून तो आकडा बरोबर आहे: मुख्य भिंगाचे नाभीय अंतर ७०० मिमी, नेत्रिका ४ मिमीची, म्हणून १७५ पट, त्यात तिप्पट करणारे बार्लो भिंग घातले की ५२५. मूल उत्साहाने तीच जोडणी करते. शनी सापडत नाही. सापडलाच तर करड्या डागासारखा थरथरतो आणि स्टँडला हात लागताच निसटतो. महिन्याभरात दुर्बीण माळ्यावर जाते. अशा कितीतरी दुर्बिणींचे मुख्य भिंग उत्तम असते. त्याच दुर्बिणीला २० किंवा २५ मिमीची बरी नेत्रिका लावली असती, तर चंद्रावरची विवरे, गुरूचे चार चंद्र आणि कृत्तिकांचा पुंजका पहिल्याच रात्री दिसला असता. एका चुकीच्या आकड्यापायी एखाद्या मुलाचे आकाश बंद व्हावे, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे.

म्हणून सुरुवात आकड्यांपासूनच करायला हवी. सुदैवाने गणित सोपे आहे.

मुख्य भिंगाच्या किंवा आरशाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की विशालन मिळते. सहा इंची डॉब्सोनियनचे नाभीय अंतर बहुधा १२०० मिमी असते. तिला २५ मिमीची नेत्रिका लावली की ४८ पट, १० मिमीची लावली की १२० पट. नेत्रिकेवरचा आकडा जितका लहान, तितके विशालन जास्त. नवशिक्याला हे प्रथम उलटे वाटते, आणि दुकानात चूक होते ती इथेच.

विशालन वाढवले म्हणून प्रकाश वाढत नाही. आरशाने जेवढा गोळा केला तेवढाच तो असतो. फक्त अधिक जागेवर पसरतो. चमचाभर तूप पुरीवर घातले तर चमकते, मोठ्या भाकरीवर फासले तर दिसतही नाही, तसेच हे. तेजोमेघ आणि दीर्घिका यांच्यासारख्या पसरट वस्तूंच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरतो. तो मोजायला एक सोपे माप आहे: नेत्रिकेतून बाहेर पडून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी. दुर्बिणीच्या व्यासाला विशालनाने भागले की ती मिळते. १५० मिमी व्यासाच्या दुर्बिणीतून ५० पट पाहिले तर शलाका ३ मिमी जाड. १५० पट पाहिले तर १ मिमी. काळोखात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली साधारण ७ मिमीपर्यंत उघडते, वयाबरोबर हे माप कमी होते. शलाका बाहुलीपेक्षा जाड झाली तर कडेचा प्रकाश डोळ्यात शिरतच नाही. उलट ती अर्ध्या मिमीहून बारीक झाली की चित्र अंधारते आणि स्वतःच्याच डोळ्यातले तरंगते कण दिसू लागतात. ६० मिमीच्या त्या दुर्बिणीत ५२५ पटीला ही शलाका ०.११ मिमी उरते.

अर्धा मिलिमीटर म्हणजेच ‘व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट’ हा जुना नियम. ६० मिमीच्या दुर्बिणीला जास्तीत जास्त १२० पट, १५० मिमीच्या दुर्बिणीला ३०० पट. हा नियम कोणी मनाने ठरवलेला नाही. प्रकाशाच्या तरंगस्वरूपामुळे प्रत्येक दुर्बिणीच्या बारकाव्याला सीमा असते. दोन जवळचे तारे वेगळे दिसण्याची मर्यादा साधारणपणे ११६ला मिलिमीटरमधल्या व्यासाने भागून येते. उत्तर विकलांमध्ये, म्हणजे अंशाच्या ३६००व्या भागांत. ६० मिमीला ती १.९ विकला, १५० मिमीला ०.८ विकलेच्या जवळ. दुप्पट व्यासाएवढे विशालन वापरले की दुर्बीण कितीही व्यासाची असो, हा सर्वांत बारीक तपशील डोळ्याला सुमारे चार कलांचा (एक कला म्हणजे साठ विकला), म्हणजे निवांत ओळखता येईल एवढा दिसतो. त्यापुढे नवीन काही उलगडत नाही, अस्पष्टपणाच मोठा होतो. हर्शेलने ९३२ पट वापरले ते तबकडी आणि बिंदू यांतला फरक तपासण्यासाठी, आणि प्रतिमा धूसर झाल्याची नोंदही त्याने करून ठेवली.

नियमाने परवानगी दिली तरी हवा देतेच असे नाही. दुर्बिणीच्या वरचा वाऱ्याचा प्रत्येक थर प्रतिमा हलवत असतो. बऱ्याच रात्री १५० ते २०० पटींच्या पुढे ग्रहाची कड उकळत्या पाण्यासारखी दिसते. दिवसभर तापलेली सिमेंटची गच्ची मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते आणि शहरातल्या निरीक्षकाचे अर्धे विशालन तिथेच वाया जाते. मातीवर, गवतावर दुर्बीण मांडली तर तीच नेत्रिका अधिक स्वच्छ दाखवते. आरसाही बाहेरच्या हवेइतका थंड व्हावा लागतो. त्यासाठी दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी उघड्यावर ठेवावी.

कमी विशालनात काय दिसणार, अशी शंका यावर येते. गुरू पृथ्वीजवळ असताना त्याची तबकडी सुमारे ४५ विकलांची असते. ४० पट विशालनात ती १८०० विकला, म्हणजे अर्धा अंश होते. आकाशातला पूर्ण चंद्र नुसत्या डोळ्यांना जेवढा दिसतो, तेवढाच गुरू त्या नेत्रिकेत दिसतो. तरीही तो छोटासा वाटतो, कारण काळ्या वर्तुळात तुलनेला काही नसते आणि डोळा सरावलेला नसतो. पंधरा मिनिटे शांतपणे पाहत राहिले की दोन पट्टे, मग त्यांच्यातला रंगाचा फरक हळूहळू जाणवतो. निरीक्षण हे कौशल्य आहे आणि ते कमी विशालनातच लवकर येते.

विशालनाइतकेच महत्त्वाचे, पण खोक्यावर कधीच न छापलेले माप म्हणजे दृष्टिक्षेत्र: एका वेळी आकाशाचा किती तुकडा दिसतो. नेत्रिकांचा इतिहास हा बव्हंशी हेच क्षेत्र रुंदावण्याचा इतिहास आहे. गॅलिलिओने १६१०च्या जानेवारीत गुरूचे चंद्र पाहिले ते सुमारे २० पटीच्या दुर्बिणीतून. तिच्यात डोळ्याकडचे भिंग अंतर्गोल होते, त्यामुळे क्षेत्र इतके अरुंद, की पूर्ण चंद्रही एका वेळी मावत नसे. १६११मध्ये केप्लरने बहिर्गोल भिंगाची रचना सुचवली. प्रतिमा उलटी झाली, पण क्षेत्र मोकळे झाले. १६६०च्या दशकात क्रिस्तियान हायगेन्सने दोन भिंगांची नेत्रिका केली. स्वस्त दुर्बिणींसोबत अजूनही येणारी, इंग्रजी ‘एच’ अक्षराची नेत्रिका ही तिचीच वारस. ‘एसआर’ अक्षरे असलेली रॅम्सडेनच्या घराण्यातली; मूळ रचना १७८२ची. १८४९मध्ये केलनरने आणि १८६०मध्ये व्हिएन्नाच्या प्लॉसलने त्यांत सुधारणा केल्या. दोन जोडभिंगांची ही प्लॉसल नेत्रिका आज हौशी निरीक्षकाच्या पेटीतली सर्वांत भरवशाची वस्तू आहे. तिचे आभासी क्षेत्र, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या वर्तुळाची रुंदी, ५० अंशांच्या आसपास असते. १९८०च्या सुमारास अल नॅगलर या अमेरिकी प्रकाशतज्ज्ञाने ८२ अंशांची नेत्रिका बाजारात आणली. अपोलोच्या चांद्रवीरांना सरावासाठी खिडकीबाहेरचे अवकाश दाखवणाऱ्या यंत्रणेवर त्याने काम केले होते. त्याच्या नेत्रिकेत वर्तुळाची कड शोधायला डोळा फिरवावा लागतो.

आभासी क्षेत्राला विशालनाने भागले की आकाशाचा प्रत्यक्ष तुकडा मिळतो. सहा इंची डॉब्सोनियनमध्ये २५ मिमीची प्लॉसल एक अंशाहून थोडे अधिक दाखवते; चंद्र दोनदा मावेल इतके. कृत्तिकांचा पसारा जवळपास दोन अंशांचा आहे, तेव्हा त्या पुऱ्या मावत नाहीत. देवयानी दीर्घिका तर तीन अंश लांब. उलट वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यात १२ कलांचे अंतर आहे. ही जोडी या क्षेत्रात आरामात बसते आणि वसिष्ठाच्या अगदी शेजारी, १४ विकलांवर, त्याचा आणखी एक जोडीदार चमकताना दिसतो. लग्नात अरुंधती दाखवण्याची रीत असलेल्या घरात तरी नव्या दुर्बिणीतून हे दृश्य आधी पाहावे.

रुंद क्षेत्राचा दुसरा फायदा वेळेचा. पृथ्वीच्या फिरण्यामुळे विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला १५ विकला सरकतो. मोटार नसलेल्या दुर्बिणीत २५ मिमीची प्लॉसल त्याला चार मिनिटांहून जास्त धरून ठेवते. १० मिमीच्या नेत्रिकेत तो पावणेदोन मिनिटांत बाहेर जातो. साध्या डॉब्सोनियन बैठकीला मोटार नसते, ती हातानेच ढकलावी लागते. ज्या जॉन डॉब्सनचे नाव तिला मिळाले, तो सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात १९४४पासून तेवीस वर्षे राहिलेला साधक. फुकट मिळालेल्या जाड काचा घासून आणि साध्या लाकडी खोक्याची बैठक करून त्याने दुर्बिणी बनवल्या आणि फुटपाथवर उभ्या करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवले. हाताने ढकलायच्या दुर्बिणीला रुंद क्षेत्राची नेत्रिका विशेष शोभते, हे तिथे रांगेत उभ्या असलेल्या माणसांचा विचार केला की पटते.

क्षेत्र कितीही वाढवता येत नाही. नेत्रिकेच्या नळीची जाडी आड येते. बहुतेक छोट्या दुर्बिणींना सव्वा इंची नेत्रिका बसते. मोठ्यांना दोन इंची, आणि जुन्या किंवा अगदी स्वस्त दुर्बिणींना ०.९६५ इंची. शेवटच्या मापात चांगल्या नेत्रिका मिळणे कठीण, म्हणून दुर्बीण घेतानाच सव्वा इंची फोकसर, म्हणजे नेत्रिका बसवायची नळी, आहे ना, हे पाहावे. सव्वा इंची नळीत ३२ मिमीची प्लॉसल आणि २४ मिमीची ६८ अंशांची नेत्रिका आकाशाचा जवळपास सारखाच तुकडा दाखवतात. त्यामुळे ४० मिमीची प्लॉसल घेऊन क्षेत्र वाढत नाही, फक्त चित्र लहान होते.

चष्मा असलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहायची. पूर्ण क्षेत्र दिसायला डोळा नेत्रिकेपासून किती अंतरावर ठेवता येतो, याला आय रिलीफ म्हणतात. प्लॉसलमध्ये हे अंतर नाभीय अंतराच्या साधारण पाऊणपट असते. २५ मिमीच्या नेत्रिकेत १८ मिमीच्या आसपास, तर ६ मिमीच्या नेत्रिकेत जेमतेम चार-पाच मिमी. पापण्या काचेला घासतात. फक्त जवळचा किंवा दूरचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस करावा, काही बिघडत नाही. सिलिंडरचा नंबर बराच असेल तर मात्र चष्मा हवाच, आणि मग १५ ते २० मिमी आय रिलीफ असलेल्या नेत्रिकाच घ्याव्यात. घरातल्या आजोबांना शनी ‘दिसत नाही’ त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

आता प्रत्यक्ष निवड. महाराष्ट्रातल्या घराघरांत दिसणाऱ्या तीन दुर्बिणी उदाहरणादाखल घेता येतील.

७० मिमी व्यास आणि ७०० मिमी नाभीय अंतराच्या भिंगाच्या दुर्बिणीला २५ मिमीची नेत्रिका २८ पट देते, १० मिमीची ७० पट. मर्यादा १४० पटींची. या दोन नेत्रिका बऱ्या दर्जाच्या असतील आणि सोबत दुप्पट करणारे बार्लो भिंग असेल, तर २८, ५६, ७० आणि १४० अशा चार पायऱ्या मिळतात. याहून जास्त काही लागत नाही. उरलेले पैसे भक्कम स्टँडवर घालावेत.

१३० मिमी व्यास आणि ६५० मिमी नाभीय अंतराचा परावर्तक ही वेगळी जात. त्याचे नाभीय गुणोत्तर (नाभीय अंतर भागिले व्यास) ५ आहे, म्हणजे प्रकाशाचा शंकू रुंद कोनातून येतो. अशा शंकूला साध्या नेत्रिका पेलत नाहीत आणि कडेचे तारे ओढल्यासारखे दिसतात. ३२ मिमीची प्लॉसल इथे २० पटींत जवळपास अडीच अंश आकाश दाखवते. कृत्तिका पुऱ्या मावतात, धनू राशीतली आकाशगंगा ओंजळीत आल्यासारखी वाटते. पण ग्रहांसाठी १० मिमीची नेत्रिका ६५ पटच देते. म्हणून इथे ५ मिमीच्या आसपासची, रुंद क्षेत्राची आणि डोळ्याला सुखाची एक नेत्रिका मुद्दाम घ्यावी: १३० पट. पैसे नेत्रिकेवर खर्च करणे सर्वांत फळते ते या दुर्बिणीत.

सहा इंची, १२०० मिमीची डॉब्सोनियन नेत्रिकांच्या बाबतीत समजूतदार आहे. गुणोत्तर ८ असल्यामुळे साधी प्लॉसलही तिच्यात कडेपर्यंत चांगली दिसते. ३२ मिमी (३७ पट), १२ मिमी (१०० पट) आणि ८ मिमी (१५० पट) एवढ्यांत वर्ष निघते. हवा विशेष स्थिर असलेल्या रात्रींसाठी पुढे ६ मिमीची, २०० पटींची घालता येते.

बार्लो भिंग हे १८३०च्या दशकातले, पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाच्या नावाचे. नेत्रिकेच्या आधी बसणारे हे अंतर्गोल भिंग विशालन दुप्पट करते आणि लांब नाभीय अंतराच्या नेत्रिकेचा ऐसपैस आय रिलीफही टिकवते. मात्र २० आणि १० मिमीच्या नेत्रिकांबरोबर दुप्पट बार्लो घेतले तर २०चे १० होते, एक पायरी फुकट जाते. २५ आणि १०, किंवा ३२ आणि १२ अशी जोडी असावी. तिप्पट, पाचपट बार्लोच्या वाटेला नवशिक्याने जाऊ नये. ८ ते २४ मिमीची झूम नेत्रिका सोयीची खरी, विशेषतः मुलांना दाखवताना. पण २४वर तिचे क्षेत्र अरुंद होते, जिथे ते रुंद हवे असते.

बाकीच्या साहित्यात आधी येतो फाइंडर. आकाशातली वस्तू सापडलीच नाही तर नेत्रिका काय करणार? लाल ठिपक्याचा साधा फाइंडर किंवा सहापट, ३० मिमीचा छोटा फाइंडर दिवसाउजेडी दूरच्या मोबाइल टॉवरवर मुख्य दुर्बिणीशी जुळवून घ्यावा. परावर्तकासाठी आरसे एका रेषेत आणण्याचे, म्हणजे कॉलिमेशनचे, साधन हवे. आरसे हललेले असतील तर महागडी नेत्रिकाही ग्रहाला शेपूट लावते. मध्यभागी बारीक भोक पाडलेली फोकसरची टोपी एवढेही साधन सुरुवातीला पुरते. भिंगाच्या दुर्बिणीला प्रकाश ९० अंशांत वळवणारा डायगोनल तारे पाहायला सोयीचा; ४५ अंशांचा सुलट दाखवणारा प्रिझम जमिनीवरच्या दृश्यांसाठी.

डोळे काळोखाला सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि मोबाइलचा एक झोत ती कमाई पुसून टाकतो. टॉर्चला आकाशकंदिलाचा लाल जिलेटीन कागद दुहेरी गुंडाळला की नकाशा वाचायची सोय होते. डिसेंबर-जानेवारीत मुख्य भिंगावर दव धरते. काळ्या जाड कागदाची नळी पुढे बसवली की ते लांबते.

रंगीत फिल्टरांचा संच मोठा दिसतो, उपयोग थोडा. छोट्या दुर्बिणीत ते आधीच कमी असलेला प्रकाश आणखी कमी करतात. चंद्राचा फिल्टर डोळ्याला आराम देतो; दुर्बिणीच्या झाकणातले लहान भोक उघडूनही तेच काम होते. यूएचसी आणि ओ-थ्री हे तेजोमेघांचे फिल्टर मात्र खरे उपयोगी. तेजोमेघातला वायू ठरावीक रंगांतच प्रकाश सोडतो. हे फिल्टर तेवढेच रंग आत घेतात आणि बाकीचे आकाश काळे करतात. मृगातला तेजोमेघ, धनू राशीतला लगून, स्वरमंडलातले कंकण यांना त्यांचा फायदा होतो. तारकागुच्छ आणि दीर्घिका ताऱ्यांच्या सर्वरंगी प्रकाशाच्या बनलेल्या असतात, त्यांना काहीच होत नाही. शहराच्या उजेडावर इलाज म्हणून हे फिल्टर घेणाऱ्याची निराशा होते. त्या पैशांत गाडी करून भीमाशंकरच्या वाटेला किंवा कोकणातल्या एखाद्या अंधाऱ्या पठारावर गेले तर प्रत्येक वस्तू सुधारते.

सूर्याबद्दल मात्र ठाम बोलले पाहिजे. काही दुर्बिणींसोबत नेत्रिकेवर फिरवून बसवायचा काळा ‘सन फिल्टर’ येतो. मुख्य भिंगाने एकवटलेली सगळी उष्णता त्या चिमुकल्या काचेवर पडते आणि ती कधीही तडकू शकते. मग डोळा वाचत नाही. तो फिल्टर तोडून फेकून द्यावा, कोणाला देऊही नये. सूर्यासाठी फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर, प्रकाश आत शिरण्याआधीच हवा, आणि तो याच कामासाठी बनवलेल्या प्रमाणित फिल्मचा हवा. फाइंडरही झाकावा किंवा काढून ठेवावा. जुन्या हायगेन्स नेत्रिकेचा एक उत्तम उपयोग इथे आहे: तिच्यात भिंगे चिकटवलेली नसल्यामुळे भिंगाच्या छोट्या दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडायला ती चालते. तेव्हाही दुर्बिणीजवळ जबाबदार माणूस सतत उभा असावा. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने विजयदुर्गला तळ ठोकला होता, पुण्याचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला जेऊरला गेले होते. महाराष्ट्राला ग्रहण पाहण्याची मोठी परंपरा आहे. २ ऑगस्ट २०२७ला पश्चिम भारतातून संध्याकाळी खंडग्रास ग्रहण लागेल. ढगांनी वाट दिली तर गच्च्यागच्च्यांवर दुर्बिणी निघतील. प्रत्येक दुर्बिणीच्या तोंडावर योग्य फिल्टर असेल, हे पाहणे सगळ्यांचेच काम आहे.

पावसाळा हा नेत्रिकांचा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर पेटी बंद राहते आणि दमट हवेत भिंगांवर बुरशीची जाळी धरते; कोकणात आणि गोव्यात तर दोनच महिन्यांत. बुरशी काचेवरचा लेप खाते आणि तो डाग परत जात नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, पुड्या ओल्या झाल्या की तापवून कोरड्या कराव्यात. धूळ फुग्याच्या ब्रशने उडवावी. शर्टाच्या टोकाने भिंग पुसणे म्हणजे त्यावर कायमचे ओरखडे काढणे.

महाराष्ट्रात हौशी आकाशनिरीक्षणाची मुळे खोल आहेत. पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली; तिच्यातला वीस इंची परावर्तक १९१२नंतर कोडाईकनालला गेला. त्याच पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. मुंबईत १९८५मध्ये, हॅलेच्या धूमकेतूच्या दिवसांत, खगोल मंडळाचे काम सुरू झाले. शेजारच्या गोव्यात, पणजीला, जुन्ता हाऊसच्या गच्चीवर सार्वजनिक वेधशाळा उभी राहिली. अशा संस्थांच्या रात्रींत निरनिराळ्या दुर्बिणी शेजारीशेजारी उभ्या असतात आणि आपली नेत्रिका दुसऱ्याला लावून पाहू देणारी मंडळी तिथे हमखास भेटतात. जाहिरातीतले ८२ अंश म्हणजे काय, हे शब्दांत समजावता येत नाही. अशा रात्री ते एका मिनिटात कळते.

पुढील प्रकरणांत एकेक नेत्रिका, बार्लो, फिल्टर आणि स्टँड यांची तपशीलवार माहिती येईल. कोष्टके असतील, नमुन्याची गणिते असतील. वाचकांना एकच विनंती. दुर्बिणीसोबत आलेल्या दोन नेत्रिकांवर ऑक्टोबर ते मे असा एक मोसम काढावा. काय पाहिले, कोणत्या विशालनात, हवा कशी होती, एवढे वहीत लिहावे. मे महिन्याच्या शेवटी ती वही उघडली की आपण सर्वाधिक काय पाहतो, ग्रह की तारकागुच्छ, आणि कुठे नेत्रिका अपुरी पडली, ते त्यातूनच दिसेल. मग पावसाळा सरल्यावर दुर्बीण आणि वही घेऊन जवळच्या संस्थेच्या पहिल्या अमावास्येच्या कार्यक्रमाला जावे, दुसऱ्यांच्या तीन-चार नेत्रिका आपल्या दुर्बिणीला लावून पाहाव्यात, आणि त्यानंतरच पहिली खरेदी करावी.